पाणी उकळले, पण तपासले का?

स्नेहसंमेलनाचा फोटो काढताना आमच्या वर्गातील एक मुलगी ओठ घट्ट मिटून उभी राहिली. तिच्या समोरच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. तिच्या अम्मी म्हणाल्या, "सर, रोज दात घासून घेते, पाणीही उकळूनच देते." त्यांचे काहीच चुकले नव्हते. फक्त घरचे पाणी बोअरचे होते आणि ते कधी तपासलेले नव्हते.

नांदेडमध्ये नाल्यांचे सांडपाणी गोदावरीत मिसळते. अशा दूषित पाण्यातून कावीळ, विषमज्वर, जुलाब पसरतात. उकळल्याने हे जंतू मरतात. परंतु फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत. पाण्याची वाफ होते आणि त्यांचे प्रमाण उलट वाढते.

फ्लोराइड खडकातून पाण्यात उतरते. नांदेड जिल्ह्यातील काही गावांना हा त्रास जुनाच आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर लहानपणी दात डागाळतात; प्रमाण फारच जास्त असेल, तर पुढे सांधे आखडतात. नायट्रेट मात्र आपली देणगी आहे. शोषखड्डे, उकिरडे आणि शेतातील खत यांतून ते झिरपते. मर्यादा ४५ मिलिग्रॅमची. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात वरचे दूध कालवून दिले, तर तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

लातूरकरांना २०१६ आठवत असेल. मांजरा धरण आटले, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. धरण आटले की आपण बोअर आणखी खोल नेतो. पाणी लागले की शुक्र मानतो, पण त्यात काय आहे हे विचारत नाही.

साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली आहे. वुजूच्या पाण्याची पाकी आपण बघतो, तशीच पिण्याच्या पाण्याचीही बघू या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवा. फ्लोराइड निघाले, तर पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसरे पाणी घ्या किंवा आरओ वापरा. शोषखड्डा बोअरपासून लांब ठेवा.

दातांवर पडलेले डाग आता जाणार नाहीत. तिच्या धाकट्या भावाचे पक्के दात मात्र अजून यायचे आहेत.