भिंतीवरचे जाळे आणि खाडीतले जाळे
(खाडीकाठच्या भोजनगृहांतील सजावट व शब्दार्थ)

भोजनगृहात प्रवेश करणाऱ्याच्या दृष्टीस पदार्थांआधी सजावट पडते. ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, नवी मुंबईच्या परिसरात, आगरी-कोळी पद्धतीचे जेवण देणाऱ्या काही भोजनगृहांत भिंतीवर टांगलेले जाळे, कोपऱ्यात उभे केलेले वल्हे आणि छतास लटकविलेला कंदील अशी मांडणी आढळते. ही मांडणी ग्राहकास न बोलता एक गोष्ट सांगते, ती म्हणजे येथील जीवन जुने आहे. हे विधान कितपत खरे आहे आणि त्याचा शब्दांच्या अर्थावर कोणता परिणाम होतो, याचा विचार करण्यास करावे हे गाव विशेष सोयीचे आहे.

अशा सजावटीचा प्रकार जगात नवा नाही. अमेरिकेत नदीकाठच्या जुन्या भोजनगृहांत गाडीची चाके, खोगिरे व तेलाचे दिवे मांडून पश्चिमेकडील वसाहतकाळाचे वातावरण निर्माण केले जाते. तेथे वसाहतीची सलग सरहद्द उरली नाही, असे १८९० च्या जनगणनेच्या वेळी नमूद झाले, आणि १८९३ मध्ये शिकागो येथे इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी त्या घटनेचा अर्थ विशद केला. म्हणजे त्या वस्तू भिंतीवर गेल्या तेव्हा त्यांचा काळ संपलेला होता. करावे येथील परिस्थिती निराळी आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व ९५ गावांच्या परिसरात नवे शहर वसविण्याचे काम सुरू झाले. भातशेती व मिठागरे यांचे क्षेत्र त्यात झपाट्याने घटले. तथापि खाडी उरली आणि तीत मासेमारी करणारेही उरले. येथे वस्तू भिंतीवर गेली आहे, पण तिचा काळ संपलेला नाही.

प्रथम जाळ्याचेच उदाहरण घ्यावे. भोजनगृहातील ग्राहकाच्या दृष्टीने भिंतीवर असते ते केवळ ‘जाळे’. मासेमारी करणाऱ्यास एवढ्या शब्दाने काम भागत नाही. हाताने फेकावयाचे ते पाग. प्रवाहाच्या तोंडाशी पिशवीसारखे बांधावयाचे ते डोल. खाडीच्या अरुंद पात्रात लावावयाची त्याच जातीची लहान ती बोक्षी. ही नावे जाळ्याच्या आकाराबरोबर ते वापरण्याची रीत आणि पाण्याशी असलेला त्याचा संबंधही सांगतात. डोल लावणारा तो ‘डोलकर’. हे जाळे ज्याने पाहिलेले नाही, त्यास हा शब्द ‘डोलणे’ या क्रियापदावरून आला असावा असे सहज वाटते. वस्तूचा उपयोग दृष्टीआड झाला की व्युत्पत्तीही कल्पनेच्या आधारे रचली जाते, याचे हे चांगले उदाहरण होय.

हीच गोष्ट पदार्थांची. भोजनगृहाच्या यादीत चिंबोरी, निवटी, कोलंबी, जिताडा ही नावे किमतीसह एकाखाली एक लिहिलेली असतात आणि बारमाही वाचावयास मिळतात. खाडीकाठच्या बोलीत हे शब्द तिथींना जोडलेले आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याला जोर येतो ते उधाण. अष्टमीच्या सुमारास तो ओसरतो तो भांग. चिंबोरी कोणत्या तिथीची, यावरून ती ‘भरलेली’ की पोकळ हे ओळखण्याचा प्रघात आहे. यादीतील चिंबोरीस तिथी नसते. शब्द तोच राहतो. त्याच्या भोवतीचे ज्ञान मात्र गळून पडते.

नाव आणि वस्तू यांची ताटातूट उलट दिशेनेही होते. व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी ‘डफरिन’ (१९२७) व तिच्यानंतरची ‘राजेंद्र’ (१९७२) ही मुंबई बंदरातील खरीखुरी जहाजे होती. १९९३ मध्ये त्यांची जागा घेणारी ‘टी. एस. चाणक्य’ ही संस्था करावे येथे जमिनीवर उभी आहे, तरीही ‘टी. एस.’ या आद्याक्षरांतील ‘प्रशिक्षण जहाज’ हा अर्थ कायम आहे. तेथे जहाज गेले व नाव उरले. भोजनगृहात जाळे उरले व नाव गेले. ‘तांडेल’ या शब्दाची गती तिसऱ्या प्रकारची आहे. गलबतावरील खलाशांचा प्रमुख हा त्याचा अर्थ. आज तो करावे परिसरात आडनाव म्हणून नित्य कानी पडतो, आणि गावच्या गणपतशेठ तांडेल मैदानाच्या नावातही आहे.

येथे सजावटीला दोष देण्याचा हेतू नाही. जे शहरवासी खाडीकडे एरवी पाठ करून बसतात, त्यांना निदान जेवणाच्या निमित्ताने तिची आठवण होते, आणि आगरी-कोळी स्वयंपाकास मान मिळतो, हा लाभ लहान नव्हे. प्रश्न आहे तो अकाली भूतकाळाचा. एखादे जीवन जुने झाले असे वारंवार सुचविले गेले, की त्याच्या चालू गरजा, म्हणजे होड्या लावण्याची जागा, पाण्याची शुद्धता, खाजणाचे रक्षण, याही जुन्या व अनावश्यक वाटू लागतात. ठाणे खाडीच्या काही भागास २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या पाण्यातील पक्ष्यांची नावे नोंदली जातात, तशी त्याच पाण्यावर उपजीविका करणाऱ्यांची शब्दसंपत्तीही नोंदली जाणे अगत्याचे आहे.

ती नोंद करताना भिंतीवरची वस्तू आरंभ म्हणून उपयोगी पडेल. जाळ्याखाली ‘पाग’ किंवा ‘बोक्षी’ असे त्याचे नेमके नाव लिहिले, तरी ग्राहकास एक भेद कळेल. परंतु त्या नावाचा पुरा अर्थ मिळवावयाचा, तर अभ्यासकाने भोजनगृहातून उठून ओहोटीच्या वेळी धक्क्यावर गेले पाहिजे. कारण ते जाळे जो आज लावतो, तो तेथे भेटतो.