अधिकार आणि कळवळा

घरातील मुलाची किंवा मुलीची एखाद्या सरकारी हुद्द्यावर नेमणूक झाल्याची वार्ता आली म्हणजे घरात कोण आनंद होतो! देवापुढे साखर ठेवली जाते, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात, आजी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावयास बसते. मग आप्तेष्टांची चौकशी सुरू होते. हुद्दा कोणता, वेतन किती, राहावयास बंगला मिळेल काय, बदली कोठे होईल? हे प्रश्न स्वाभाविक आहेत, व संसारी माणसांनी ते विचारू नयेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो असा की, बाळ, उद्या हा अधिकार घेऊन तू परक्याच्या उंबरठ्याशी जाशील, तेव्हा तेथे कसा उभा राहशील?

कलेक्टर, फौजदार, डॉक्टर, परिचारिका, नगरपालिकेचा आरोग्य-निरीक्षक, या सर्वांस एक गोष्ट समान आहे. जेथे सोयऱ्याधायऱ्यांसही संकोच वाटावा अशा प्रसंगी त्यांस लोकांच्या घरात शिरावे लागते. घरात मृत्यू झाला आहे, आजारी माणूस अंथरुणावर आहे, चूल पेटलेली नाही, अशा वेळी त्यांचे पाऊल आत पडते. अशा प्रसंगी हेतू शुद्ध असला म्हणजे पुरे होते काय? की हेतूबरोबर कळवळाही लागतो? या प्रश्नाचे उत्तर आमच्या महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे. त्या इतिहासाची उजळणी येथे करावी असा आमचा मानस आहे.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस गाठीच्या तापाचा म्हणजे प्लेगचा उद्भव झाला. ‘ग्रंथिक सन्निपात’ या नावानेही तो त्या काळी ओळखला जात असे. पुढील वर्षाच्या आरंभी तो पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा मंजूर केला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा. त्याने सरकारास जवळजवळ अमर्याद अधिकार दिले, आणि सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणाही अधिकाऱ्यावर फिर्याद चालणार नाही असे शेवटच्या कलमात नमूद केले. अधिकाऱ्याच्या रक्षणाची तरतूद त्यात होती. ज्याच्या घरात तो शिरणार त्या गृहस्थाच्या अब्रूविषयी मात्र त्यात अक्षर नव्हते.

पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पेठापेठांतून घरे तपासू लागल्या. सोजीर माजघरात, स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. काखेत व जांघेत गाठ आहे की काय हे पाहण्यासाठी स्त्रीपुरुषांची तपासणी होई, व ती कित्येकदा भर रस्त्यावर चारचौघांदेखत होई. रोगी सापडला की त्याची रवानगी इस्पितळात, आणि त्याच्या घरच्या माणसांची रवानगी गावाबाहेरच्या छावणीत होत असे. जमीन उकरली जाई, भिंतींस चुना फासला जाई, कपडालत्ता व चीजवस्तू यांची होळी होई. हा क्रम १९ मेपर्यंत चालला.

रँडसाहेब आळशी होते किंवा लाचखाऊ होते असे त्यांच्या शत्रूंनीही म्हटलेले नाही. नेमून दिलेले काम तडीस न्यावयाचे या एकाच निश्चयाने ते झटत होते, आणि रोग हटविणे हा त्यांचा हेतू कोणासही वाईट म्हणता येणार नाही. मग चुकले कोठे? त्यांनी आपल्या अहवालात एके ठिकाणी मोठे समाधान व्यक्त केले आहे. कोणाही स्त्रीची बुद्ध्या विटंबना झाल्याची विश्वासार्ह अशी एकही तक्रार कमिटीपुढे आली नाही, अशा आशयाचे ते विधान आहे. वाचकहो, या एका विधानावर प्रत्येक लोकसेवकाने दहा वेळा मनन करावे. तक्रार घेऊन जावयाचे ते कोणाकडे? ज्याच्या हुकमाने सोजीर दाराशी आला त्याच्याचकडे! ज्या घरच्या सुनेस रस्त्यावर उभे केले त्या घराने तिचे नाव कागदावर लिहून देऊन पुन्हा चारचौघांत चर्चा करावी अशी अपेक्षा करणे हीच निर्दयता नव्हे काय? नामदार गोखले त्या वेळी विलायतेत होते. मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांविषयी तेथील वृत्तपत्रास माहिती दिली. परंतु पत्रे लिहिणारे पुराव्यासाठी पुढे येईनात, आणि स्वदेशी परतताच गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. दप्तरी तक्रार नव्हती. मनात मात्र ती साचत होती.

या जुलमाचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो रँडसाहेबांच्या हेतूच्याच मुळावर आला. लोक रोगी लपवू लागले. काखेतली गाठ पदराआड झाकली जाऊ लागली, रात्री-अपरात्री प्रेते परस्पर हलविली जाऊ लागली, आणि ज्यांना शक्य होते ते गाव सोडून पळाले व रोगही आपल्याबरोबर घेऊन गेले. उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो हा शोध फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांस कराचीत लागला तो पुढील वर्षी, १८९८ साली. म्हणजे ज्या उपायांसाठी एवढा छळ झाला त्यांतील कित्येक उपाय मुळातच लंगडे होते. २२ जून १८९७ च्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडसाहेबांवर गोळी झाडली. ले. आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड ३ जुलै रोजी वारले, आणि पुढे चापेकर फासावर गेले. पुढील दोनतीन वर्षांत सरकारनेच सक्तीचे धोरण सैल केले. जे आरंभी विश्वासाने साधले असते ते इतक्या जिवांची आहुती पडल्यावर सरकारास उमगले.

याच पुण्यात, याच महिन्यात, एक दुसरे उदाहरण घडत होते. त्याची आठवण आपल्या घरांतून पुरेशी निघत नाही हे आम्ही खेदाने नमूद करतो. सावित्रीबाई फुले त्या वेळी साठी ओलांडून गेल्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी शहराबाहेर हडपसरच्या बाजूस प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता, आणि सावित्रीबाई स्वतः तेथे रोग्यांची व्यवस्था पाहत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एक मुलगा रोगाने पडला आहे असे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. तो संसर्ग त्यांना भोवला, व १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यानंतर तीनच दिवसांनी सोजीर पेठांत शिरले.

थोडे थांबून विचार करावा. रोग्यास घरातून हलवून दवाखान्यात न्यावयाचे, हे काम दोघांचेही एकच. एकीकडे बंदूकधारी तुकडी, आणि दुसरीकडे वृद्ध बाईची पाठ. सावित्रीबाईंपाशी हुद्दा नव्हता, कायद्याचे कलम नव्हते. ज्या पेठांनी त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांच्या अंगावर शेण फेकले, त्याच शहरातील रोग्यांसाठी त्यांनी आपला जीव वेचला. तो मुलगा त्यांच्यापासून लपविला गेला नाही, कारण या बाई आपल्या लेकरास घेऊन जाण्यास आल्या आहेत, ओढून नेण्यास नव्हेत, हे त्या वस्तीस ठाऊक होते.

कोणी म्हणेल, हे साध्वीचे उदाहरण झाले. अधिकारी माणसास एवढे कसे जमावे? त्याकरिता मुंबईकडे दृष्टी टाकू. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे जन्मलेले वाल्देमार हाफकिन हे ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस कामासाठी थोडकी जागा मिळाली, आणि मदतीस एक कारकून व तीन शिपाई. तीनचार महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. ती प्रथम कोणास टोचावयाची? १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, तरी ते काम करीत राहिले. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. लोकांच्या मनातील भीती घालविण्यासाठी आगाखानांनीही आपल्या अनुयायांसमक्ष स्वतःस लस टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली, आणि दोष हाफकिनांच्या माथी आला. ते निर्दोष असल्याचे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. त्यानंतर ते पुन्हा हिंदुस्थानातच कामावर रुजू झाले. परळची संस्था १९२५ पासून त्यांचे नाव धारण करून आहे. जे दुसऱ्यास करावयास सांगावयाचे ते आधी स्वतः सोसावयाचे, एवढे एकच सूत्र कोणताही अधिकारी त्यांच्यापासून उचलू शकेल.

स्त्रियांच्या तपासणीस परके पुरुष आले, हे १८९७ चे सर्वांत खोल शल्य होते. त्यावरचा खरा उपाय पुढे पुण्यातच वाढीस लागला. १९०९ साली पुणे सेवासदन स्थापन झाले, आणि श्रीमती रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखाली मुली व विधवा ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्या जातीच्या रोग्याची शुश्रूषा आमच्या सुनेने करावी काय, असे म्हणून नाके मुरडणारी घरे त्या वेळी आपल्यातच थोडी नव्हती. ज्या घरांनी तो संकोच गिळला त्यांचे ऋण आजारी स्त्रीच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या रूपाने समाजावर आहे.

हा सर्व इतिहास जुना झाला असे वाटत असेल, तर मार्च २०२० आठवावा. कोविडची साथ आली तेव्हा महाराष्ट्रात जो कायदा लागू झाला तो हाच, १८९७ चा. १२३ वर्षांनी तीच कलमे पुन्हा जागी झाली. १ एप्रिल रोजी धारावीत पहिला रोगी आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत लाखो लोक, दहा हातांच्या खोलीत आठआठ माणसे, आणि शौचकूप सार्वजनिक. घरोघर तपासणी व संशयितांस वेगळे ठेवणे हे उपाय येथेही टळले नाहीत; म्हणजे पुण्यात केले तेच करावयाचे होते. परंतु येथे दाराशी सोजीर आला नाही. मुंबई महापालिकेने वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालविणाऱ्या खाजगी डॉक्टरांस तपासणीत बरोबर घेतले. ज्यांच्या हातून लोकांनी मुलांच्या तापाचे औषध घेतले होते तीच ओळखीची माणसे दाराशी आली. शाळा व सभागृहे यांत वेगळे ठेवलेल्यांच्या जेवणाची सोय झाली. लोक भीत होतेच, पण आपण होऊन तपासणीस येऊ लागले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे उदाहरण जगापुढे ठेवले.

त्याच वर्षीचे दुसरे चित्रही झाकून ठेवणे बरे नव्हे. रातोरात सर्व व्यवहार बंद झाले, आणि हातावर पोट असलेले मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर थकून निजलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. टाळेबंदीचा हेतू जीव वाचविणे हाच होता. परंतु हुकूम लिहिताना ज्याचे घर हजार मैलांवर आहे त्या माणसाचा चेहरा लेखणीपुढे उभा राहिला नाही.

कळवळा म्हणजे ढिलाई, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गात फार रूढ आहे. “मऊ लागले की लोक कोपराने खणतात” असे अनुभवी माणसे नव्या अधिकाऱ्यास बजावतात. या म्हणीत तथ्य नाही असे नाही. साथीत नियम सैल सोडणारा अधिकारीही जीव घेतो. परंतु वरील उदाहरणांत सावित्रीबाई ढिल्या नव्हत्या, हाफकिन ढिले नव्हते, आणि धारावीत कोणास नियमातून सूट मिळाली नाही. त्यांची दृढता रँडसाहेबांहून कमी नव्हती. मात्र ज्याच्यावर हुकूम बजावावयाचा त्याचा भार थोडा आपल्या अंगावर घ्यावयास ते तयार होते, आणि म्हणूनच लोक त्यांच्यापासून काही लपवीत नव्हते. लोकसेवकाच्या यशाची कसोटी लावावयाची तर आम्ही हीच लावू. तक्रारी किती आल्या हे मोजू नये. तक्रार घेऊन येण्यास लोक भितात की काय, हे पाहावे.

हे शिक्षण कचेरीत मिळत नाही. ते घरात मिळते. मोलकरीण आजारी पडली असता तिचा पगार कापला जातो की तिच्या घरी औषध पोहोचते, हे मुले पाहत असतात. दाराशी आलेल्या पोस्टमनला, मीटर वाचणाऱ्या माणसाला आपण पाणी विचारतो की दारातूनच वाटेस लावतो, हेही ती पाहतात. घरातल्या कर्त्या पुरुषाचा शब्द सगळे ऐकतात, परंतु तो धाकाने ऐकतात की विश्वासाने, याचा पहिला धडा त्यांस तेथेच मिळतो. उद्या हीच मुले कलेक्टर होतील, डॉक्टर होतील, आणि कोणाच्या तरी उंबरठ्याशी उभी राहतील.

तेव्हा पुढच्या खेपेस घरात नेमणुकीची वार्ता येईल, पेढे वाटले जातील, त्या वेळी आजीने किंवा आजोबांनी नव्या अधिकाऱ्यास जवळ बसवून दोन नावे सांगावीत. रँड यांचे सांगावे, म्हणजे शुद्ध हेतूचीही कशी माती होते ते कळेल. आणि सावित्रीबाईंचे सांगावे, म्हणजे हातात काही अधिकार नसतानाही लोक कोणामागे जातात ते उमजेल. मग खुशाल आशीर्वाद द्यावा.