नोकरी करून सीए-सीएफएचा अभ्यास: झोपेचे गणित

परीक्षा दोन महिन्यांवर आली की पंचविशीतले रुग्ण दवाखान्यात वाढतात. कुणाचे डोके दुखते, कुणाला धडधडते, कुणाला वाचलेले आठवतच नाही. दिवसा बीकेसी नाहीतर अंधेरीत नोकरी किंवा आर्टिकलशिप, येता-जाता लोकलची गर्दी आणि रात्री सीए फायनल किंवा सीएफएची पुस्तके. झोप विचारली तर चार-पाच तास.

सीएफएच्या एका लेव्हलला साधारण ३०० तास अभ्यास लागतो, असे ही परीक्षा घेणारी संस्थाच सांगते. पाच महिने आधी सुरुवात केली तर आठवड्याला सुमारे १४ तास होतात: रोज दीड तास आणि उरलेले शनिवार-रविवारी. नोकरी सांभाळून हे जमते. तेच शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलले तर आठवड्याला ३५ तासांच्या आसपास लागतात, आणि ते झोपेतूनच कापले जातात. सीए फायनलचे तर सहा पेपर. तिथे हा हिशेब आणखी कडक होतो.

झोप कापण्यात तोटा असा की दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेली प्रकरणे सकाळी पुसट वाटतात ती यामुळेच. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे! सकाळी सहाला उठणाऱ्याचे १७ तास रात्री अकराला भरतात. त्यानंतर नवा धडा उघडण्यापेक्षा झोपावे आणि पहाटे ताज्या डोक्याने बसावे. प्रौढांना किमान सात तास झोप लागते. परीक्षेच्या काळात सहाच्या खाली जाऊ नका, असे मी रुग्णांना सांगतो.

कॉफीतले कॅफिन निम्मे उतरायला सरासरी पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंमल दोन वाजता शिल्लक असतो. चहाचेही तेच, प्रमाण कमी इतकेच. दुपारी तीननंतर दोन्ही टाळा. मित्राने दिलेल्या ‘जागे राहण्याच्या’ गोळ्या मात्र अजिबात नकोत. त्यात बहुधा मोडाफिनिल असते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे औषध नाही; त्याने डोकेदुखी, धडधड, बेचैनी होऊ शकते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होतो.

लोकलमध्ये बसायला जागा मिळालीच (बोरिवलीकरांना हे वाक्य विनोदी वाटेल) तर मान वाकवून मोबाइलवर नोट्स वाचण्यापेक्षा वीस मिनिटांची डुलकी जास्त उपयोगी.

प्रत्येक तक्रार ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून सोडू नये. थकवा आठवडेच्या आठवडे राहिला तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता बऱ्याचदा सापडते. छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांसाठी: मुलगा किंवा मुलगी दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास आहे, जेवण-बोलणे तुटले आहे, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलते आहे, तर निकालाची वाट पाहू नका. थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येते. उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला एकटे न ठेवता लगेच रुग्णालयात न्या.