आज्ञावली ही ‘वस्तू’ आहे काय? : परदेशी गेलेले काम व एका शब्दाचा अर्थविचार

व्यवहारातील शब्द आणि कायद्यातील शब्द यांचे रूप एकच असले, तरी त्यांच्या अर्थाची कक्षा एकच असते असे नाही. व्यवहारात शब्दार्थाची सीमा पुसट राहिली तरी काही अडत नाही. ऐकणारा ती प्रसंगावरून जाणून घेतो. कायद्यात मात्र ती सीमा कोठे तरी आखावीच लागते, आणि ती आखली जाताच काही माणसे तिच्या आत व काही तिच्या बाहेर पडतात. संगणकाच्या आज्ञावल्या रचण्याचे काम अमेरिकेतून स्वस्त मजुरीच्या देशांत जाऊ लागले, तेव्हा असाच एक सीमावाद उपस्थित झाला. ‘आर्टिकल’, म्हणजे ‘वस्तू’, या साध्या शब्दाचा अर्थ काय, यावर बेकार झालेल्या कित्येक कामगारांचा निर्वाहभत्ता अवलंबून राहिला. अर्थविचाराच्या अभ्यासकांनी या प्रकरणाकडे लक्ष द्यावे, असे त्याचे स्वरूप आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहणे आवश्यक आहे. परदेशी गिऱ्हाइकासाठी भारतात बसून आज्ञावल्या रचण्याच्या प्रथेचा उगम बराच जुना आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या १९६८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९७४ च्या सुमारास बरोज या अमेरिकन संगणक-कंपनीसाठी मुंबईत असे काम हाती घेतले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९८५ मध्ये बंगळूर येथे आपले केंद्र काढले व ते उपग्रहाच्या साहाय्याने अमेरिकेशी जोडले. पुढे १९९१ पासून शासनाच्या सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांची व्यवस्था उभी राहिली आणि पुण्यासारख्या शहरांतील कार्यालयांना दळणवळणाची साधने सुलभ झाली. या सर्व घडामोडींत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कापड किंवा पोलाद परदेशांतून येते ते जहाजातून, आणि बंदरावर जकात-अधिकाऱ्याच्या नजरेखालून. आज्ञावली येते ती तारेतून किंवा उपग्रहावरून. तिला बंदर नाही, वजन नाही आणि जकातही नाही. पुढील सर्व वादाचे मूळ या फरकात आहे.

परदेशी व्यापारामुळे ज्यांचे काम जाते त्यांना साहाय्य देण्याची योजना अमेरिकेत १९६२ च्या व्यापारविस्तार अधिनियमाने सुरू केली, व १९७४ च्या व्यापार अधिनियमाने तिला नवे रूप दिले. एखाद्या आस्थापनेतील तीन किंवा अधिक कामगारांनी श्रममंत्रालयाकडे अर्ज करावयाचा आणि मंत्रालयाने चौकशी करून दाखला द्यावयाचा, अशी तिची रीत होती. दाखला मिळालेल्या कामगाराला पुनःप्रशिक्षणाचा खर्च, प्रशिक्षण चालू असताना नेहमीच्या बेकारभत्त्याची मुदत संपल्यावरही मिळणारा निर्वाहभत्ता आणि नव्या गावी बिऱ्हाड हलविण्यासाठी मदत मिळत असे. २००२ च्या दुरुस्तीनंतर आरोग्यविम्याच्या हप्त्यापैकी ६५ टक्के रकमेची करसवलतही तीत आली. चाळिशी-पन्नाशीत नोकरी गेलेल्या व घरात आजारी माणूस असलेल्या कुटुंबाला ही मदत किती मोलाची होती, हे सांगावयास नको.

परंतु या साहाय्याला एक अट होती. ज्या आस्थापनेतून कामगार कमी झाले ती ‘आर्टिकल्स’ निर्माण करणारी असली पाहिजे, आणि तशाच वस्तूंची आयात वाढल्यामुळे किंवा त्यांचे उत्पादन परदेशी हलविल्यामुळे काम गेलेले असले पाहिजे. अधिनियमात या शब्दाची व्याख्या दिलेली नव्हती. १९७४ मध्ये तिची गरजही कोणास वाटली नसावी. विधिकर्त्यांच्या डोळ्यांपुढे जोडे, कापड, मोटारी व दूरचित्रवाणीचे संच होते. शब्दाचा अर्थ ठरविताना माणसे प्रथम त्याचा ठळक नमुना मनात आणतात आणि सीमेवरील उदाहरणे नंतर त्याच्याशी ताडून पाहतात. ‘वस्तू’ या शब्दाचा ठळक नमुना हातात धरता येतो.

आज्ञावलीकारांचे अर्ज येऊ लागल्यावर मंत्रालयाने या ठळक नमुन्यालाच व्याख्या मानले. आज्ञावली तबकडीसारख्या भौतिक माध्यमावर उतरवून, प्रती काढून विकली जात असेल तर ती वस्तू. तीच तारेतून पाठविली तर ती वस्तू नव्हे, केवळ सेवा, अशी त्याची भूमिका होती. कनेटिकट राज्यातील ईस्ट हार्टफर्ड येथील कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशनच्या माजी नोकरांचे काम भारतात हलविण्यात आले होते. त्यांचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा ते आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेले. इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स या कंपनीच्या माजी नोकरांनीही तोच मार्ग धरला होता.

या भूमिकेतील विसंगती उघड आहे. दोन कामगार तीच आज्ञावली त्याच भाषेत रचतात. एकाची कृती तबकडीवरून गिऱ्हाइकाकडे जाते, दुसऱ्याची तारेवरून. दोघांचेही काम परदेशी जाते. पहिला साहाय्यास पात्र, दुसरा अपात्र. येथे भेद कृतीत नाही, श्रमात नाही, हानीतही नाही; तो फक्त वाहनात आहे. पत्र टपालाने आले तर पत्र आणि हरकाऱ्याने आणले तर पत्र नव्हे, असे म्हणण्यासारखेच हे आहे. विसंगतीची दुसरी बाजू याहून मनोरंजक आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख ग्रेगरी मँकिव यांनी असे प्रतिपादन केले की सेवा परदेशांतून तारेने आल्या काय किंवा माल जहाजाने आला काय, अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही व्यापारच होत. म्हणजे व्यापाराचे समर्थन करताना आज्ञावली मालासारखी ठरली, आणि त्या व्यापाराने पोळलेल्यांना मदत देताना ती मालासारखी राहिली नाही.

न्यायालयाने हे लक्षात आणून दिले की वस्तू स्पर्शगम्य असली पाहिजे असे अधिनियमात कोठेही म्हटलेले नाही. शब्दात नसलेली अट अर्थात घुसडता येणार नाही. अखेर २००६ मध्ये मंत्रालयाने आपली भूमिका बदलली. भौतिक माध्यमावर असती तर जी आज्ञावली वस्तू ठरली असती, ती कोणत्याही मार्गाने पाठविली तरी वस्तूच समजली जाईल, असे त्याने मान्य केले.

वैशेषिकांच्या परिभाषेत हा वाद अधिक नेमकेपणाने मांडता येतो. त्यांनी जगातील ज्ञेयांना ‘पदार्थ’, म्हणजे पदाचा अर्थ, असे नाव दिले आणि द्रव्य, गुण, कर्म असे त्यांचे प्रकार सांगितले. कारखान्यातील जोडा हे द्रव्य. न्हाव्याने केलेली हजामत हे कर्म, ते करता करताच संपते. आज्ञावली यांपैकी कशात बसते? ती रचणे हे कर्म खरे. पण रचून झाल्यावर ती उरते, साठविता येते, विकता येते आणि तिच्या प्रती काढता येतात. कर्माप्रमाणे ती संपत नाही व द्रव्याप्रमाणे हाती लागत नाही. जुन्या भाषेच्या दोन खणांच्या मधोमध ती पडते, आणि अशा ठिकाणी कोणता खण निवडावयाचा हे शब्दकोश सांगत नाही; निवडणाऱ्याचा हेतू सांगतो.

याचा पुरावा भारतातही सापडतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात नोव्हेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने असा निर्णय दिला की तयार स्वरूपात माध्यमावर विकली जाणारी आज्ञावली हा ‘माल’ असून तीवर विक्रीकर देय आहे. तेथे आज्ञावली माल नाही असा युक्तिवाद कंपनीचा होता, कारण माल म्हटले की कर आला. उलट, २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीने आज्ञावलीची रचना, विकास व फेरबदल यांना ‘सेवे’च्या पुरवठ्यात गणले आहे. अमेरिकेतील कामगाराला ती वस्तू ठरल्याने लाभ होता, भारतातील विक्रेत्याला ती वस्तू न ठरल्याने. शब्द तोच, पण पात्रता किंवा देणे ज्याच्या अंगावर येते त्याप्रमाणे अर्थाची ओढ बदलते.

काम ज्यांच्याकडे आले त्यांच्याबाबत असाच एक प्रश्न ‘कामगार’ या शब्दाचा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या व्याख्येत शारीरिक, कुशल, तांत्रिक व कारकुनी काम करणाऱ्यांचा समावेश होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही तो ठेवला आहे. तांत्रिक हा शब्द तेथे स्पष्ट असूनही हिंजवडीतील अभियंता स्वतःला कामगार म्हणवीत नाही. मराठीत त्या शब्दाभोवती गिरणीचा भोंगा आणि चाळ यांचे साहचर्य आहे. त्याला ‘कर्मचारी’ किंवा ‘प्रोफेशनल’ हे शब्द जवळचे वाटतात. परिणामी, एका सकाळी राजीनामा लिहून मागितला गेला की कायद्याचे जे संरक्षण मागता आले असते, त्याची त्याला आठवणही होत नाही. अमेरिकेतील आज्ञावलीकाराला शब्दाबाहेर मंत्रालयाने ठेवले. येथे पुष्कळदा कामगारच स्वतःला शब्दाबाहेर ठेवतो.

अमेरिकेतील प्रकरणाचा शेवट फारसा सुखद नाही. २००९ च्या दुरुस्तीने सेवाक्षेत्रातील कामगारांनाही साहाय्यास पात्र ठरविले, आणि वस्तू की सेवा हा वाद काही काळ निरर्थक झाला. नंतर ही तरतूद अनेकदा संपली व पुन्हा आली. १ जुलै २०२१ रोजी योजना जुन्या, वस्तूंपुरत्या रूपावर परत गेली, आणि १ जुलै २०२२ पासून नवे दाखले देणेच थांबले. म्हणजे शब्दाचा अर्थ विस्तारण्यास अनेक वर्षांची झुंज लागली, आणि तो आकुंचित होण्यास केवळ एक मुदत उलटून जाणे पुरले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की कायद्यातील शब्दाची व्याप्ती ठरविताना त्याच्या ठळक नमुन्यापाशी थांबणे पुरेसे नाही. तो शब्द कोणत्या हानीच्या निवारणासाठी योजला गेला, हे पाहिले पाहिजे. दुसरी अशी की नव्या उद्योगाचे व्यवहार जुन्या शब्दांत मावत नाहीत तेव्हा मधल्या काळाची किंमत कोणी तरी मोजत असते. आज तेच काम परदेशी माणसाऐवजी यंत्राकडे जाऊ लागले आहे, आणि ‘आयात’ हा शब्द त्या हानीला मुळीच लागू पडत नाही. त्या हानीला कायद्यात कोणते नाव मिळते, हे पाहणे अर्थविचाराच्या अभ्यासकाचे काम आहे. आणि ते नाव वेळेवर मिळाले नाही, तर त्याची झळ ज्याचे काम गेले त्यालाच लागणार आहे.