वाचलेलं मुरलं किती?

संगीताच्या परीक्षा जवळ आल्या की चांगली गाणारी मुलंही एका गोष्टीला हमखास घाबरतात : शास्त्राचा लेखी पेपर. भूप सुरेल गातात, पण त्याचा थाट कोणता, वादी-संवादी कोणते, हे लिहायचं म्हटलं की पान कोरं. मग वहीची पारायणं, जागरणं, सकाळी पोटदुखी. काही घरांत तर ‘गाणं आता पुरे’ असंच ठरतं. लेखी पेपरच्या धास्तीने गाणं सुटावं, हा तोटा फार मोठा आहे.

वही पुन्हा पुन्हा वाचली की मजकूर ओळखीचा होतो. पण ओळखीचा वाटणं वेगळं आणि वही मिटून आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे दाखवून दिलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे.

आपल्या हिवरे बाजारला हे वेगळं सांगायला नको. पावसाळा संपला की पाऊस आणि विहिरींची पातळी बघून तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरतात. नुसता किती पडला हे पुरत नाही, मुरला किती ते महत्त्वाचं. वाचनाचंही तसंच. अर्थात, विहीर मोजल्याने पाणी वाढत नाही; प्रश्न विचारल्याने स्मरण मात्र पक्कं होतं.

म्हणून शास्त्र आणि इतिहास प्रश्नमंजूषेच्या खेळातून शिकवावा. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा मराठी ग्रंथच गुरु-शिष्यांच्या संवादातून लिहिला. शिष्य विचारतो, गुरु उलगडतो. आपण वह्यांत उतरवून घेतली ती फक्त उत्तरं!

खेळाला चिठ्ठ्या आणि पेटी पुरे. पेटीवर सा रे ग प ध वाजवा, विचारा : भूप की देशकार? स्वर तेच, पण भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. हे कानाने ओळखलेलं मूल वादीची व्याख्या सहसा विसरत नाही. टाळी देऊन विचारा, समेवरच खाली असलेला ताल कोणता? (रूपक.) गांधर्व महाविद्यालय कुठे सुरू झालं? १९०१ साली, लाहोरला. पलुस्करांनी ते इतक्या दूर का काढलं असेल, यावर पाच मिनिटं बोलू द्या. नुसत्या सनावळीपेक्षा ते जास्त टिकतं.

डॉक्टर म्हणून एक आग्रह. घंटी, उलटी मोजणी, चुकला की बाद, हे प्रकार टाळा. ताण वाढला की येत असलेलंही ऐनवेळी आठवत नाही, आणि जे मूल आधी बाद होतं, त्यालाच खरं तर सरावाची गरज असते. जोड्या करा, विचार करायला वेळ द्या. चुकलं तर बरोबर उत्तर लगेच सांगा, नाहीतर चुकीचंच डोक्यात बसतं. तोच प्रश्न दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा काढा.

परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र चिठ्ठ्या बाजूला ठेवा आणि मुलांना वेळेवर झोपू द्या. शिकलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो.