शिबुयाचा हाचिको

टोकियोत ‘हाचिकोपाशी भेटू’ म्हटलं की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. शिबुया स्टेशनाबाहेरचा हा ब्राँझचा कुत्रा सगळ्या शहराच्या ओळखीचा आहे. अकिता जातीचा हाचिको नोव्हेंबर १९२३ मध्ये ओदाते इथे जन्मला. टोकियो इम्पीरियल विद्यापीठात कृषी-अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांच्या घरी तो पुढच्या जानेवारीत आला. २१ मे १९२५ रोजी उएनो विद्यापीठातच मेंदूतील रक्तस्रावाने गेले. दोघांचा सहवास जेमतेम सोळा महिन्यांचा, आणि त्यानंतर ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षं, हाचिको उएनोंची वाट पाहत स्टेशनावर येत राहिला. जगभर ही कथा स्वामिनिष्ठेची म्हणून सांगतात. मला ते अपुरं वाटतं. एका मुक्या जिवाने एका माणसाला लावलेला जीव होता तो. त्यावर कर्तव्याचा गणवेश माणसांनी चढवला, आणि तो कसा चढवला हे पुतळ्याच्या इतिहासातच दिसतं.

सुरुवातीची कित्येक वर्षं या कुत्र्याचं कुणालाच कौतुक नव्हतं. स्टेशनावरची माणसं त्याला हाकलत, पोरं छळत. जपानी कुत्र्यांच्या जाती टिकवण्यासाठी झटणारे हिरोकिची साइतो यांनी त्याची हकिकत वर्तमानपत्राला कळवली. ऑक्टोबर १९३२ मध्ये ती ‘असाही’त छापून आली आणि हाचिको रातोरात प्रसिद्ध झाला. वेळही तशीच होती. वर्षभरापूर्वीच जपानी सैन्य मांचुरियात घुसलं होतं आणि आज्ञाधारक प्रजा घडवणं हे शाळांचं काम झालं होतं. नीतिपाठाच्या पुस्तकात, उपकार विसरू नयेत हे शिकवायला, हाचिको आला. एप्रिल १९३४ मध्ये तेरू आंदो यांनी घडवलेल्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा हाचिको स्वतः तिथे हजर होता. दहा वर्षांनी, १९४४ मध्ये, युद्धाला धातू हवा म्हणून तोच पुतळा काढून नेला गेला आणि पुढे वितळवला गेला. आंदोही १९४५ च्या हवाई हल्ल्यात मारले गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा मुलगा ताकेशी याने नवा पुतळा घडवला. आज दिसतो तो हाच. बादशहासाठी मरण्याची शिकवण तोवर मोडीत निघाली होती, देश परकीय अमलाखाली होता, पोटाची भ्रांत होती. तरी लोकांना हाचिको परत हवासा वाटला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हाचिकोच्या या प्रेमावर एक जुना आक्षेप आहे: कुत्रा याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या कोंबडीच्या, आशेने येत होता. त्याच्या पोटात याकितोरीच्या काड्या खरोखरच सापडल्या. पण खायला घालणारे लोक मुख्यतः बातमीनंतर भेटले. त्याआधीची वर्षं हाडतुडीची होती. शिवाय उएनोंचे माळी कोबायाशी त्याला सांभाळत होते, त्यांच्याकडे त्याची उपासमार नव्हती. २०११ मध्ये टोकियो विद्यापीठाने त्याचे जतन केलेले अवयव तपासले, तेव्हा हृदय आणि फुप्फुसांत कर्करोग आढळला. शिवाय त्याला हृदयातल्या जंतांचाही त्रास होता. अशा शरीराने तो येत होता. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कुत्र्याच्या वागण्याला प्रेम म्हणणं हा माणसाचा भाबडेपणा नव्हे का? जपानमधल्याच अझाबू विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाचं नातं घट्ट करणारं संप्रेरक ते हेच. हाचिकोच्या मनात काय होतं हे यातून सिद्ध होत नाही, पण प्रेम म्हणायला आधार मिळतो.

निष्ठेच्या सरकारी गोष्टीत याएको साकानोंना जागा नव्हती. त्या उएनोंच्या सहचारिणी. रीतसर लग्न झालेलं नसल्याने उएनोंच्या मृत्यूनंतर त्यांना घर सोडावं लागलं, आणि हाचिकोचंही घर मोडलं. त्या १९६१ मध्ये वारल्या. आओयामा दफनभूमीत उएनोंच्या शेजारी त्यांच्या अस्थींना जागा मिळाली ती थेट २०१६ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, हाचिकोच्या ऐंशीव्या स्मृतिदिनी, टोकियो विद्यापीठाच्या कृषी विभागाच्या आवारात आणखी एक शिल्प उभं राहिलं. त्यात उएनो परत आले आहेत आणि हाचिको मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्या अंगावर झेपावतो आहे. शिबुयाला जाणाऱ्याने हे शिल्पही पाहावं. हाचिको कशासाठी येत होता, ते इथे जास्त खरेपणाने कळतं.