चित्र किती लांबून बघायचं आहे?

चित्रकाराला लोक एक प्रश्न हमखास विचारतात: तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते? माजलगावात शाळेच्या पोरांना चित्रकला शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही तो चुकत नाही. गॅदरिंगला पाहुणे येतात, व्हरांड्यात टांगलेली लेकरांची चित्रं बघतात आणि चहाचा कप हातात घेऊन विचारतात. उत्तरही त्यांना ठाऊक असतं: निसर्ग, आईवडील, गुरू. मी हल्ली त्यांनाच विचारतो, की हे चित्र कोण बघणार होतं आणि किती लांबून? पाहुण्यांना वाटतं, मास्तरांनी विषय टाळला.

मला स्वतःला हे कळलं ते एका पेंटरच्या टपरीत. कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये मी त्यांच्या हाताखाली काम केलं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. दुकानांच्या पाट्या, खताच्या आणि बियाण्याच्या जाहिरातींच्या भिंती, ट्रॉलीच्या मागचं ‘आईचा आशीर्वाद’, निवडणुकीत पक्षांची चिन्हं, पोळ्याच्या आधी उरलेल्या ऑइल पेंटनं कुणाच्या बैलांची शिंगं, असं काहीही. पत्र्यावर प्रायमर सुकला की खडूनं माखलेला दोरा दोन टोकांना धरून टिचकी मारायची, म्हणजे सरळ रेघ उमटते. मग अक्षरं. पण ब्रश उचलण्याआधी चाचा रस्ता ओलांडून पलीकडच्या हॉटेलासमोर जाऊन उभे राहायचे आणि तिथून कोऱ्या पत्र्याकडे बघायचे. ज्याला मोसंबीचं रोप घ्यायचंय तो माणूस मोटारसायकलवरून जाणार, तेवढ्या वेळात त्याला ‘नर्सरी’ वाचता आली पाहिजे. म्हणून अक्षर जाड, पिवळ्यावर लाल, आणि उजव्या अंगाला काळी सावली. ती सावली शोभेसाठी असते असं मला वाटायचं. खरं तर तिच्यामुळे उन्हानं रंग उतरला तरी अक्षराची कड टिकते. फ्लेक्स आला आणि हे काम गेलं. फ्लेक्सवाल्या पोराला रस्ता ओलांडावा लागत नाही, तो पडद्यावर हातभर अंतरावरून बघतो. म्हणून तर आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर दीडशे चेहरे असतात आणि एकही ओळखू येत नाही.

चाचांच्या त्या रस्ता ओलांडण्यावरून मला पैठणची चित्रं उलगडली.

पैठण माजलगावला परकं नाही. पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी उजव्या कालव्यानं 132 किलोमीटर वाहत येतं आणि सिंदफणेवरच्या आमच्या धरणात पडतं. त्या पैठणच्या परिसरात चित्रकथींच्या पोथ्या मिळाल्या, म्हणून त्या शैलीला पैठणचंच नाव पडलं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्या बघायला मिळतात. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणारा. हा धंदा जुना आहे. बाराव्या शतकातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकांचा उल्लेख येतो. एका आख्यानाची एक पोथी. विषय रामायण-महाभारतातले आणि त्यांच्या आडवाटांवरचे. फूट-दीड फुटांचे कागद, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे पान उलटलं की लगेच पुढचा प्रसंग.

संग्रहालयात माणूस या चित्रांपुढे अगदी जवळ जाऊन उभा राहतो आणि थोडा निराश होतो. बारकावा नाही, मागे देखावा नाही, झाड आहे की छत्री ते कळत नाही. चेहरे बाजूने, डोळे मात्र वाटीएवढे. जाड काळी रेघ, लाल-पिवळे-हिरवे सपाट रंग. आकृत्या चौकटीला भिडलेल्या. मुघल किंवा पहाडी चित्रांची सवय असलेल्याला हे अडाणी वाटतं. तसं लिहिणारेही भेटतात. त्यांनी एकदा दहा-पंधरा पावलं मागे सरकून बघावं. हे चित्र हातात घेऊन न्याहाळायचं नव्हतंच. कथेकऱ्यानं ते पुढ्यात उभं धरायचं, बाजूला वीणा, टाळ आणि हुडूक, आणि रात्री दिव्याच्या उजेडात ते अंगणातल्या शेवटच्या ओळीत लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला दिसलं पाहिजे. दिव्याच्या हलत्या उजेडात नाजूक छटा काय कामाच्या? डोळा मोठा, कारण राग आणि भीती तिथूनच लांबवर पोचते. देखावा नाही, कारण अरण्य कसं होतं ते गाणारा सांगतोच आहे. जे शब्दांत येणार ते चित्रकारानं सोडलं, आणि जे शब्दांत मावत नाही, म्हणजे राक्षसाचा आकार, बाणांची दाटी, ते पानभर काढलं. आम्ही कला शिकताना ज्याला रचना म्हणतो ती इथे गाणाऱ्याच्या श्वासावर बेतलेली आहे.

चित्रकथीची दुसरी मोठी शाखा कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत. ती ठाकर मंडळींनी जपली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. गुरांच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलं. ‘लोप पावत चाललेली कला’ हे शब्द या चित्रांच्या बातमीत इतक्या वेळा येतात की मला त्यांचा कंटाळा आहे. चित्रं काढणारे हात आहेतच. कमी झाला तो रात्रभर बसून ऐकणारा समोरचा जमाव. तो गेला की चित्र दिवाणखान्यातल्या भिंतीच्या मापाचं होतं, रंग सौम्य होतात, रेघ बारीक होते. यात वाईट काही नाही, पण ते वेगळं चित्र आहे.

वारलीचं हेच झालं, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठानं कुडाच्या भिंतीवर देवचौक काढायच्या, आत पालघट देवी. बघणारी मुख्य म्हणजे ती देवी, मग वऱ्हाड. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. पुढे भिंत पुन्हा सारवली जायची. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, कागद आला, आणि गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे नावारूपाला आले. म्हसे पुरुष असून चित्र काढत, तेही लग्न नसताना, रोज. आता बघणारा होता दिल्लीचा, पुढे परदेशातला. त्याला देवचौक कळणार नव्हता, पण मासेमारीचं जाळं कळणार होतं. म्हसे यांनी कागदभर पसरलेली ती जाळी काढली, हजारो बारीक रेघांची, जवळ जाऊन बघावी अशी. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते गेले. त्यांची प्रेरणा ‘आदिवासी जीवन’ होती असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. शेजारच्या हजारो वारल्यांनाही तेच जीवन होतं.

लांबून बघायच्या चित्रांनी घडवलेले मोठे लोकही आपल्याकडे होऊन गेले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत सिनेमाकडे गेले. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत. त्यांच्या घोड्यांची ती एका दमात ओढलेली रेघ बघितली की मला शिडीवर चढलेला माणूस दिसतो.

आजच्या चित्रकारांतलं उदाहरण द्यायचं तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते. जन्म 1986. घरातल्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. खैरागड आणि बडोद्याला शिकून त्यांनी हातात घेतला तो कोळसाच. ते कागद सोडून थेट भिंतीवर काढतात, भिंतभर. माणूस आणि यंत्र एकमेकांत मिसळलेली शरीरं, पोखरलेली जमीन. समोर उभा असलेला प्रेक्षक त्या खड्ड्यापुढे आपोआप लहान होतो. 2021 साली कार्डिफचं ‘आर्टेस मुंडी’ पारितोषिक सहा कलावंतांना मिळून दिलं गेलं, त्यात ते होते. खाणीत कधीच न उतरणाऱ्या माणसाला खाण दाखवायची, ही त्यांची अडचण, आणि चित्र त्या अडचणीतून आलेलं आहे.

आता आमची शाळा. दर वर्षी आम्ही मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना बसवतो. स्मरणचित्राचे विषय साधारण ठरलेले: बसथांबा, भाजीबाजार, मैदान. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीला 7 गुण वाढीव, बीला 5, सीला 3. त्यामुळे आईबापांचंही लक्ष असतं. परीक्षेचं चित्र बघणारा एकच, तोही अनोळखी, गठ्ठा उपसत बसलेला. मुलांना हे न सांगता कळतं. मग माजलगावच्या काळ्या सपाट रानात वाढलेलं पोरगं दोन त्रिकोणी डोंगर काढतं, मध्ये सूर्य, बाजूला नारळ.

परीक्षा उरकली की दसरा-दिवाळीच्या सुमारास आमचे वर्ग रिकामे व्हायला लागतात. बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आमच्या तालुक्यात धरण आहे, ऊस आहे, कारखाना आहे, तरी जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. काही लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही बरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. परतलेल्यांना मी एका वर्षी विषय न देता कागद दिले. डोंगर आले नाहीत. आली कोपी, म्हणजे तोडीवरची झोपडी, तीही अशी की बाहेरून कोपी आणि आतलं अंथरूण दोन्ही एकदम दिसावं. चूल दाराशी. टायरची गाडी कोपीच्या दुप्पट. तोडणारे नेहमी दोघं, बाप्या आणि बाई, कारण एक कोयता म्हणजे जोडी, हे लेकरांना पाढ्यांआधी येतं.

एका पोरीनं विचारलं, “सर, हे परीक्षेत चालंल का?”

मी म्हणालो, “परीक्षेत बसस्टँडच काढ. हे भिंतीवर काढू.”

शाळेची रस्त्याकडची भिंत मागून घेतली. पांढरं डिस्टेंपर, त्यावर गेरू, नीळ आणि काळा. मी मुलांना काढण्याआधी पलीकडच्या कडेला नेऊन उभं केलं, चाचांची रीत. तिथून बारीक भांडीकुंडी दिसत नाहीत म्हणून त्यांनी ती आपण होऊन गाळली. कोयत्याचं पातं मात्र हाताएवढं लांब केलं. मे महिन्यापर्यंत भिंत भरली.

आईबाप बघायला आले. प्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसारखं ‘छान’ कुणी म्हटलं नाही. एक मावशी बराच वेळ बघून म्हणाल्या, “मोळी डोक्यावर अशी आडवी कुठं असती? मानंवर येती ती, तिरकी.” एका बापानं वाढ्याच्या पेंढ्या गाडीच्या खालून वर घ्यायला लावल्या. तिसऱ्यानं विचारलं की बैल दोन्ही एकाच रंगाचे कसे, आमचा डावा बांडा होता. पोरं डबा घेऊन आली आणि डाव्या बैलावर पांढरे पट्टे चढवायला लागली.